टिचकीचे पाच सेंटिमीटर

गाडीचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, अक्षरं आणि आकडे मिळून सात. ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आराखडा विभागात तिला सगळे टिचकी म्हणत. टिचकी मारली तर उडून जाईल, एवढीशी. लांबी जेमतेम साडेतीन मीटर. चाकं चारी कोपऱ्यांत सरकवलेली, इंजिन आडवं बसवलेलं, म्हणजे नाकापायी जागा वाया जायला नको. अरुंद गल्लीत शिरावी, दोन थोरल्या गाड्यांच्या मध्ये उरलेल्या फटीत उभी राहावी, आणि तरीही आत चार माणसांनी गुडघे पोटाशी न घेता बसावं, अशी ती व्हायची होती.

त्या बसण्याचा भार जिच्यावर होता तिला विभागात खुर्चीबाई म्हणत. बावीस वर्षं ती गाड्यांच्या खुर्च्या आखत आली होती. आधी या नावाचा तिला राग यायचा. मग एकदा सासूबाई म्हणाल्या, "अगं, लोक खुर्चीसाठी जीव टाकतात. तुला फुकट मिळालीय, घे की." तेव्हापासून राग गेला.

टिचकीची खुर्ची तिने नेहमीपेक्षा पाच सेंटिमीटर उंच धरली होती, आणि त्या पाच सेंटिमीटरांमागे याच सासूबाई होत्या. त्यांनी पस्तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली. लोकांचं दुखणं इतकं पाहिलं की स्वतःच्या दुखण्याला त्या दुखणं म्हणायलाच तयार नसत. "गुडघे रुसलेत," एवढंच म्हणत. घरची गाडी चपळ होती पण बुटकी. तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, आणि निघायचं म्हणजे कुणीतरी वरून ओढायचं. शेवटचं बसल्या तेव्हा धाकट्या बहिणीच्या दारात दोन परक्या माणसांनी बगलेत हात घालून त्यांना बाहेर काढलं. त्या दिवशी त्या स्वतः हसल्या, चार माणसांना हसवलं, आणि पुढे दीड वर्ष कुठे गेल्या नाहीत. बहीण राहायची शहराच्या दुसऱ्या टोकाला, वीस मिनिटांवर. तिचेही गुडघे त्याच घराण्याचे. दोघी रोज संध्याकाळी फोनवर भांडत. तोंड न बघता भांडण्यात काही राम नाही, असंही दोघी रोज एकमेकींना सांगत.

एका रविवारी खुर्चीबाईने घरातली एक बुटकी लाकडी बैठक घेतली, तिच्यावर एकेक फळी रचली आणि हातात मोजपट्टी घेऊन उभी राहिली.

"आई, जरा बसा. आणि उठा."

"हाच उद्योग राहिलाय होय मला?"

"पाच मिनिटं फक्त."

त्रेपन्न सेंटिमीटरला सासूबाई "आई गं" म्हणाल्या. पंचावन्नला नुसतं "गं" राहिलं. अठ्ठावन्नला त्या बसल्या, उठल्या, आणि तोंडातून काहीच आलं नाही. एकसष्टला पाय लोंबकळले, तशा करवादल्या, "आता झाडावर चढवतेस का मला?"

एका गुडघ्यावरून गाडी आखता येत नाही, हे तिला कळत होतं. मग तिने कारखान्यातल्या लोकांचे आईवडील, काका, मावश्या, शेजारी असे बेचाळीस जण बसवले आणि उठवले. फाटकावरच्या पहारेकऱ्याचे वडील तर तीनदा आले, कारण चहा मिळत होता. शेवटी आकडा तोच निघाला. अठ्ठावन्नला माणूस गाडीत उतरत नाही आणि चढतही नाही, नुसता सरकतो. मग खुर्चीबरोबर छप्परही पाच सेंटिमीटर वर गेलं, आणि तिथून सगळी कुरबुर सुरू झाली.

बुधवारी सकाळी दहाला बैठक होती. मुख्य साहेबांनी चाचणी विभागाचा कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवूनच बोलायला लागले.

"नागमोडी चाचणी. आठ शंकू, ताशी साठ, पूर्ण भार. अट एकच, मागचं आतलं चाक जमिनीवरून सुटता कामा नये. टिचकीचं छप्पन्नलाच सुटलं. दोनदा."

गाडीचं बाहेरचं रूप घडवणारा, मातीचे नमुने करणारा शिल्पी तेवढा खुर्चीत मागे रेलला. उंच छप्पर पहिल्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांत सलत होतं.

"मी म्हटलंच होतं," तो म्हणाला, "कासवाला टोपी घातलीय. दिसायलाही वाईट, आणि आता कलायलाही लागली."

"छप्पर पाच सेंटिमीटर उतरवा," साहेब म्हणाले, "म्हणजे खुर्ची आपोआप उतरेल. शुक्रवारी आराखडे साचे करणाऱ्यांकडे जायचेत. एकदा साचा ओतला की देवसुद्धा बदलू शकत नाही. बाई, तुमचं म्हणणं मला मान्य आहे हो, पण आपण गाडी बनवतोय, पाळणा नाही."

खुर्चीबाईच्या जिभेवर चार वाक्यं आली. शिल्पीसाठी एक, साहेबांसाठी तीन. ती तिने गिळली, आणि त्याला कारण होतं. तिचा एक जुना नेम होता. सकाळी हात जोडताना ती मनाशी ठरवायची की दुपारच्या जेवणापर्यंत कुणाला उलट बोलायचं नाही, टोचून बोलायचं नाही. हा नेम तिच्या आईचा. आई म्हणायची, अर्धा दिवस तरी देवाला द्यावा, उरलेला अर्धा आपला आहेच. चौदा वर्षांत नेम मोडला नव्हता. नवरा मात्र म्हणायचा की ही सकाळचं सगळं साठवून दुपारी वसूल करते. दुपारी तिचा फोन आला की तो आधी भीत भीत विचारायचा, "जेवलीस का?"

तर घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. उलट बोलायची सोय नव्हती. मग काय बोलायचं उरलं? तिने कागद जवळ ओढला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि हळूच विचारलं, "मी एकदा चाचणीच्या ट्रॅकवर जाऊन बघू का?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आराखड्याची माणसं ट्रॅकवर जात नसत. ट्रॅक शहराबाहेर चाळीस मिनिटांवर, भिंतीआड. तिथे फोन फाटकावर जमा करावे लागत, कारण बाजारात न आलेल्या गाडीचा फोटो बाहेर जायला नको. तिथून यायचे ते आकडे. आकडे घ्यायचे, आराखडा सुधारायचा, पुन्हा पाठवायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"जा की," साहेब म्हणाले. "कलताना डोळ्यांनी बघा, म्हणजे मनाची तरी समजूत पटेल."

गुरुवारी सकाळी कारखान्याच्या गाडीने ती निघाली. रस्ताभर तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. आकडा खरा असेल, तर भांडण्यात अर्थ नाही. ज्या गाडीचं चाक सुटतं तिच्यात सासूबाईंना बसवून काय उपयोग? सरकत बसायचं आणि वळणावर कलंडायचं, ही कसली सोय! आपणच एका म्हातारीच्या मायेपोटी गाडी बिघडवली की काय, ही शंका काल रात्रीपासून खड्यासारखी टोचत होती. तिने डोळे मिटले. टिचकी पास होऊ दे, असं मागायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तसं मागणं तिला बरं वाटेना. जे खरं असेल ते नीट दिसू दे, एवढंच तिने मागितलं.

ट्रॅकवर टिचकी शंकूंच्या रांगेपाशी उभी होती. काळी, रंग न दिलेली, दारांवर खडूच्या खुणा. चाचणीचा मुख्य चालक शेजारीच गाडीला पाठ टेकून उभा होता. त्याला सगळे काका म्हणत. एकोणतीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या मोडेपर्यंत चालवल्या होत्या आणि स्वतः घरी सायकलने जायचा.

"या बाई," काका म्हणाले. "तुमच्या लेकीने नाक कापलं हो. पळायला वाघ आहे, खोटं नाही बोलणार. इंजिन तीनच सिलिंडरांचं, पण सिग्नलला उभी केली आणि सोडली, तर चाळीसपर्यंत मोठ्या गाड्यांना धूळ चारेल. वळते तर एवढ्याशा जागेत की वाटतं, जागच्या जागी गिरकी घेईल. पण या सापवळणात मागचा पाय उचलते. काय करणार?"

खुर्चीबाई ऐकत होती, पण तिचे डोळे गाडीवर खिळले होते. नेमकं सांगायचं तर गाडीच्या वर.

टिचकीच्या छपरावर लोखंडी कॅरियर होतं, आणि कॅरियरवर पट्ट्यांनी करकचून बांधलेली एक राखाडी पेटी. तिच्यातून चार वायरी निघून चार चाकांकडे गेल्या होत्या.

"काका, हे काय?"

"ही? नोंदपेटी. वेग, कल, चाकांवरचा भार, सगळं हीच टिपते. हिच्याशिवाय चाचणी होणार कशी?"

"ती दिसतेय मला. वर का बसवलीय?"

"मग कुठे बसवू?" काकांना प्रश्नच कळेना. "आत जागा आहे का? चाचणीच्या पुस्तकात लिहिलंय, पूर्ण भार म्हणजे चार माणसं आणि सामान. एक माणूस म्हणजे चौतीस किलोच्या दोन पिशव्या. चालवायला मी. माझं वजन बरोबर एक माणूस, त्यात कमीजास्त नाही. उरलेल्या तीन माणसांच्या सहा पिशव्या सीटवर, सामानाची वाळू मागे डिकीत. गाडी भरली. मोठ्या गाड्यांत पेटी मागे कुठेतरी पडून असते. हिच्यात कुठे ठेवू? मांडीवर?"

"वजन किती पेटीचं?"

"एकतीस किलो. कॅरियरचे वेगळे नऊ."

खुर्चीबाईने मनात बेरीज केली. चाळीस किलो. साडेसातशे किलोच्या गाडीवर, जिथल्या वजनाने गाडी सगळ्यात जास्त कलते, अगदी त्या जागी चाळीस किलो. तिने तर मोजून मोजून पाच सेंटिमीटर वाढवले होते, छपराचा पत्रा पातळ केला होता, खुर्चीच्या सांगाड्यातून दीड किलो काढायला तीन महिने घालवले होते. आणि वर हे बसलं होतं, एखादं आठवीतलं मूल मांडी घालून बसावं तसं.

"काका," ती शेवटी म्हणाली, "हिला सीटवर बसवली असती तर?"

"सीटवर माणसं आहेत."

"माणसं नाहीत, वाळू आहे."

"पुस्तकाच्या हिशेबाने माणसंच. चार म्हणजे चार. पेटी म्हणजे माणूस नव्हे."

हे काका इतक्या गंभीरपणे म्हणाले की तिला हसू आलं. ते काकांनी पाहिलं, मग छपराकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरत गेलं. गाडीच्या मागे जाऊन त्यांनी दोन्ही हात कॅरियरवर ठेवले आणि टिचकी बाजूला ढकलली. ती डुलली. पुन्हा ढकलली, पुन्हा डुलली.

"आयला," काका हळूच म्हणाले. मग बाई समोर आहेत हे आठवून, "माफ करा." मग खालच्या आवाजात, "मोठ्या गाडीला दीडदोन टनाचं अंग असतं हो. तिला कळतही नाही पाठीवर काय आहे ते. मी सवयीने बांधून टाकली. एकोणतीस वर्षं झाली, आणि हे डोक्यात आलं नाही. साहेबांना काय तोंड दाखवू?"

"आधी पेटी उतरवू या, काका. बाकीचं नंतर."

"नाही," काका म्हणाले. "आधी साहेबांना बोलावू. मी उतरवून आकडे पाठवले, तर ते म्हणतील दोघांनी मिळून काहीतरी शिजवलं."

आणि खरंच, फाटकावरच्या फोनवर साहेबांचं पहिलं वाक्य तेच होतं. "बाई, इतकी सोयीची चूक सापडली की मला संशय येतो." पण पाऊण तासात ते आले. शिल्पीलाही बरोबर आणलं होतं. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी कॅरियर हलवून पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"आधी आहे तशी चालवा," ते काकांना म्हणाले. "पेटीसकट. मला सुटलेलं चाक बघायचंय."

काकांनी चालवली. टिचकी शंकूंमधून डावी उजवी होत गेली आणि पाचव्या शंकूपाशी मागचं आतलं चाक रस्त्यापासून वर आलं, चांगली मूठभर हवा खाली दिसली. वेग छप्पन्न. बघताना खुर्चीबाईचा हात आपोआप पुढे झाला. आपलंच मूल पायरीवरून घसरताना पाहावं तसं.

"आता उतरवा," साहेब म्हणाले. "ठेवणार कुठे?"

काकांनी मनात सगळं जुळवूनच ठेवलं होतं. कॅरियर सोडवायचं, मागच्या सीटवरची एक पिशवी काढायची, तिच्या जागी पेटी आणि तीन किलोचं पुडकं. वजन तितकंच. "म्हणजे पेटीला अर्धा माणूस धरला," ते म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

"आणि पुढच्या सीटवर वाळूऐवजी बाईंना बसवा," साहेब म्हणाले.

"मला?"

"तुमची खुर्ची आहे. कललेली तुम्हालाच आधी कळेल. पुस्तकात माणसाला बंदी आहे का, काका?"

"नाही साहेब. माणसं मिळत नाहीत म्हणून तर वाळू आली."

मग वजनाचा प्रश्न निघाला. "बाई, तुमचं किती?" काकांनी विचारलं.

"बायकांना असं विचारतात का?"

"मी कुठे विचारतोय? टिचकी विचारतेय."

"एकोणसाठ," खुर्चीबाई म्हणाली. काकांनी मुकाट्याने काट्याकडे बोट केलं. काटा त्रेसष्टवर थांबला. शिल्पी खोकला काढून दुसरीकडे बघायला लागला. पाच किलोची एक छोटी पिशवी तिच्या पायांपाशी पक्की बांधली. हेल्मेट डोक्यावर आलं, पट्टे आवळले. घड्याळात पावणेबारा झाले होते. अजून जेवण झालेलं नव्हतं, म्हणून तिला शिल्पीला काही बोलता आलं नाही.

गाडीत बसताना मात्र तिच्या एक गोष्ट लक्षात आली. आपण बसलो कधी हेच कळलं नाही. बावीस वर्षांत इतक्या खुर्च्या आखल्या, पण त्यांतल्या एकीवर चालत्या गाडीत, ट्रॅकवर, ती पहिल्यांदाच बसत होती.

"समोर लाल दिवा आहे ना," काकांनी हेल्मेटमधून सांगितलं, "तो लागला की समजा चाक सुटलं. तुम्ही फक्त त्याच्याकडे बघा. मला सांगू नका. मला बोलावं लागतं आणि मग हात हलतो."

इंजिन सुरू झालं, शिवणयंत्रासारखं बारीक, एकसुरी. दुसरा गिअर, तिसरा. रस्ता अंगावर येऊ लागला. काटा चाळीस, पन्नास, पंचावन्न. छप्पन्न. साठ. पहिला शंकू उजवीकडून गेला आणि तिचं सगळं अंग दाराकडे झुकलं. लगेच डावीकडे. टिचकी कलत होती, हे खरं. पण बोटावर फिरवलेला भोवरा कलतो, तशी कलत होती, पडायला नव्हे, वळायला. खुर्चीच्या कडा कमरेला धरून होत्या. तिसरा शंकू. चौथा. पाचवा. पाचव्याला तिने डोळे मिटायचं पाप केलं आणि लगेच उघडले. दिवा विझलेलाच होता. सहावा, सातवा. आठव्याच्या पलीकडे मोकळा रस्ता आला, आणि काकांनी वेग सोडला.

दिवा लागला नव्हता.

काकांनी गाडी हळूहळू परत आणली. साहेबांनी खिडकीत वाकून विचारलं, "किती?"

"साठ."

"परत."

परत साठ. दिवा नाही. तिसऱ्यांदा साहेबांनी बासष्ट सांगितलं, तेव्हा काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिने मान हलवली. सातव्या शंकूपाशी दिवा क्षणभर लुकलुकल्यासारखा वाटला, पण ते वाळूच्या सपाट माळावरून आलेलं ऊन होतं, काचेवर पडलेलं. दिवा लागलासुद्धा नव्हता.

गाडीतून उतरल्यावर तिने हेल्मेट काढलं. तिने दार धरून ठेवलं. काका साहेबांसमोर जाऊन सरळ उभे राहिले.

"साहेब, चूक माझी. पेटी मी बांधली होती."

"पुस्तक कुणी लिहिलं?" साहेब म्हणाले.

पुस्तक साहेबांनीच लिहिलं होतं, अकरा वर्षांपूर्वी, मोठ्या गाड्यांसाठी.

"मी लिहिलं," साहेब स्वतःच म्हणाले. "त्यात पेटीचा उल्लेखच नाही. माझ्या डोक्यात तरी कुठे होतं, की गाडी इतकी लहान होईल की तिला तिचं मोजमापच जड होईल! आणि बाई, तुम्ही बावीस वर्षांत एकदाही इथे कशा आला नाहीत?"

"कुणी बोलावलं नाही," ती म्हणाली. "आणि मीही आले नाही. दोन्हीतली एक चूक माझी."

साहेबांनी आराखड्याची गुंडाळी मागवली, टिचकीच्या बॉनेटवर पसरली, वाऱ्याने उडू नये म्हणून शिल्पीला एक टोक धरायला लावलं, आणि खुर्चीच्या उंचीपाशी लिहिलेल्या अठ्ठावन्नला गोल करून सही ठोकली. शिल्पीने ते टोक निमूटपणे धरलं. मग छपराकडे तिरप्या नजरेने बघत म्हणाला, "ठीक आहे. टोपी काढता येत नसेल, तर निदान ती नीट बसलेली दिसली पाहिजे. खिडकीची रेघ थोडी वर घेतो. कासव नाही वाटणार."

"काय वाटेल?"

"बघू. कोंबडी वाटली तरी चालेल मला."

खुर्चीबाई खळखळून हसली. इतका वेळ छातीवर धरलेलं काहीतरी त्या हसण्याबरोबर सुटलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. ट्रॅकवरच्या खोलीत जाऊन डबा उघडला, दोन घास खाल्ले, आणि मग तिला आठवलं की आता बोलायला हरकत नाही. कालचा राग तिने मनात शोधला. सापडला नाही. चार वाक्यांतलं एकही शिल्लक नव्हतं. फाटकावर फोन परत मिळाल्यावर तिने नवऱ्याला लावला.

"जेवलीस का?" तो घाईने म्हणाला.

"जेवले. आणि तुला काही बोलणार नाहीये. पास झाली."

तो म्हणाला, "आईला तू सांग. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही."

ती संध्याकाळी घरी पोचली तेव्हा सासूबाई खिडकीपाशी बसून भाजी निवडत होत्या. खुर्चीबाईने चपला काढल्या, हातपाय धुतले, कोपऱ्यातल्या देवासमोर उभी राहिली आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ डोकं टेकवलं. उठली तेव्हा सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या.

"काय झालं गं? कालपासून तोंड पाडून होतीस."

"काही नाही आई. खुर्ची राहिली. अठ्ठावन्नवर राहिली. साहेबांची सही झाली."

सासूबाईंनी भाजीची काडी मोडली. "म्हणजे ती माझी फळ्यांची?"

"तुमचीच."

"आणि छप्पर?"

"तेही राहिलं."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, जणू शेजारणीकडून दूध आलं. पण काडी हातातच राहिली, ती त्यांनी निवडलेल्या भाजीत टाकली की कचऱ्यात, हे त्यांनाही कळलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, "बाजारात कधी येणार?"

खुर्चीबाई जरा घुटमळली. साचे, पहिल्या गाड्या, पुन्हा चाचण्या. "दीड वर्ष तरी लागेल. दोन धरा."

"दोन," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मनाशी काहीतरी मोजलं. परिचारिकेचा हिशेब, आपलं अंग आपल्याला किती दिवस देणार याचा.

"दोन वर्षं काय, अशी जातील. आहे मी तोवर. मी काय कुठे पळून चाललेय? गुडघे रुसलेत, मी नाही." असं म्हणून त्यांनी भाजीची परात बाजूला सारली. "फोन दे इकडे. धाकटीला सांगते."

खुर्चीबाईने फोन लावून दिला आणि आत चहा ठेवायला गेली. आधण उकळायला लागलं तोवर बाहेरचा आवाज चढला होता.

"अगं, गाडी माझ्या सुनेची... हो, मग सून माझी म्हणजे गाडीही माझीच झाली की... पुढे? पुढे मी बसणार! तू मागे बस, तुला खिडकीतून बघायचं असतं ना... काय म्हणालीस? थोरली मी आहे! ...अगं, मागेही तशीच आहे, तेवढीच उंच. विश्वास नसेल तर सुनेला विचार, थांब, सुनबाई! अगं सुनबाई, हिला सांग जरा, मागची खुर्चीही अठ्ठावन्नच ना?"

"साठ, आई," खुर्चीबाई आतून म्हणाली. "मागची दोन सेंटिमीटर जास्त आहे."



"मग मी मागे बसते," सासूबाई फोनमध्ये म्हणाल्या. "तू पुढे बस."